हायड्रंटसह पाण्याची लाइन: ५६ प्लॉटच्या सोसायटीने ५८ लाखांचा खर्च कसा वाटून घेतला

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषद हद्दीच्या कडेला असलेल्या प्लॉटधारकांच्या गृहनिर्माण सोसायटीचे हे प्रकरण आहे. गावाची ओळख राहू नये म्हणून रकमा आणि मापे पूर्णांकात आणली आहेत. त्यांचे आपसातले प्रमाण मात्र कायम ठेवले आहे.

पार्श्वभूमी

लेआउटमध्ये ५६ प्लॉट. सर्वात लहान १५० चौरस मीटरचा, बंगल्यांपैकी सर्वात मोठा ५०० चा. रस्त्याच्या तोंडाशी ७०० चौरस मीटरचा एक व्यापारी प्लॉट, त्यावर दुकाने आणि तळमजल्याला फर्निचरचे गोदाम. साधारण ४० घरे बांधून झालेली, बाकी प्लॉट मोकळे. जमिनीला उतार आहे: वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ६ मीटर.

विकासकाने घातलेली ९० मिलिमीटरची पीव्हीसी लाइन जेमतेम दीड-दोन फुटांवर होती. नगरपरिषदेचे पाणी दिवसाआड दीड तास येई. ते गेटजवळच्या ६०,००० लिटरच्या संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, पडायचे आणि तिथून पंपाने थेट लाइनमध्ये ढकलले जायचे. वरच्या टोकाच्या घरांना धार मिळत नसे, म्हणून दहा-बारा जणांनी लाइनलाच मोटारी लावल्या होत्या. पंप बंद झाला की लाइन कोरडी.

नगरपरिषदेची भूमिका स्पष्ट होती. गेटपर्यंतची मुख्य लाइन त्यांची, आतली सोसायटीची. आतली लाइन नगरपरिषदेकडे हस्तांतरित करायची तर ती १०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी आणि डक्टाइल आयर्न या चिवट लोखंडाची, म्हणजे डीआयची, हवी.

प्रश्न

लाइन बदलायचे ठरत होते, तेवढ्यात फर्निचरच्या गोदामाला आग लागली. अग्निशमन दलाचा बंब वेळेत आला. त्याच्या टाकीत ४,५०० लिटर पाणी होते. मिनिटाला ९०० लिटरने मारा केला तर ते ५ मिनिटांत संपते, आणि तसेच झाले. भरण्याचे ठिकाण ६ किलोमीटरवर. बंब जाऊन, भरून, परत येईपर्यंत ४० मिनिटे गेली. जीवितहानी झाली नाही, पण गोदाम पूर्ण गेले आणि शेजारच्या बंगल्याच्या खिडक्या-दारे जळाली.

त्यानंतरच्या सभेत ‘नवी लाइन घालतोच आहोत तर हायड्रंटही बसवा’ अशी मागणी आली. हायड्रंट म्हणजे आगीच्या वेळी बंबाला पाणी घेता यावे म्हणून लाइनवर बसवलेले तोंड. ऐकायला सोपी असली तरी तिने दोन वेगळे प्रश्न उभे केले. पहिला तांत्रिक: दिवसाआड दीड तास भरणाऱ्या लाइनवर हायड्रंट बसवून काय उपयोग? आपल्याकडे कित्येक वसाहतींत रंगवलेले हायड्रंट दिमाखात उभे असतात आणि त्यांच्यामागे पाण्याचा थेंब नसतो. दुसरा पैशाचा: आगीसाठी वाढलेला खर्च कोणी, कोणत्या हिशोबाने द्यायचा?

आकडे काय सांगत होते

सल्लागार अभियंत्याने आधी घरगुती गरज काढली. ६० कुटुंबे, प्रत्येकी ५ माणसे, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ४०,५०० लिटर. गर्दीच्या तासाला सरासरीच्या तिप्पट धरले तरी सेकंदाला जेमतेम दीड लिटर. त्याला १०० मिलिमीटरची लाइन पुरून उरते. हायड्रंटला मिनिटाला ९०० लिटर, म्हणजे सेकंदाला १५ लिटर लागतात: घरगुती गरजेच्या दहापट. थोडक्यात, पाइपाचा व्यास वर्षानुवर्षे न वापरला जाणारा हायड्रंट ठरवतो, रोजचे नळ नव्हे. वाटपाचा सगळा वाद या एका गोष्टीभोवती फिरला.

वरच्या टोकाला बांधायच्या उंच टाकीपासून खालच्या टोकाच्या शेवटच्या हायड्रंटपर्यंत ४२० मीटर. टाकीचा तळ १२ मीटर उंचीवर आणि जमिनीचा उतार ६ मीटर, म्हणजे हाताशी १८ मीटरचा दाब. सेकंदाला १५ लिटर वाहू दिले तर १०० मिलिमीटरच्या पाइपात घर्षणानेच १७ मीटर जातात आणि टोकाला जवळपास काही उरत नाही. १५० मिलिमीटरमध्ये अडीच मीटरच्या आत भागते आणि टोकाला दीड किलोचा, म्हणजे सुमारे १५ मीटर पाण्याइतका, दाब राहतो. व्यास दीडपट केला की घर्षण सातपटीने घटते. बंब भरायला दीड किलो पुरेसा आहे, कारण पुढचा जोर बंबाचा पंप देतो. हे सभेला नीट समजावून सांगावे लागले. काही सभासदांच्या डोळ्यांसमोर थेट हायड्रंटला होज जोडून दुसऱ्या मजल्यावर मारा करण्याचे चित्र होते. त्यासाठी वेगळा फायर पंप, जनरेटर आणि तो चालवणारा माणूस लागतो. दोन मजली बंगल्यांच्या वसाहतीला तो खर्च पेलणारा नव्हता आणि गरजेचाही नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

फक्त १०० मिलिमीटरची नवी लाइन आणि ५०,००० लिटरची उंच टाकी हा सर्वात स्वस्त मार्ग होता, पण त्यात आगीचा प्रश्न तसाच राहत होता. दुसऱ्या मार्गात १,००,००० लिटरची उंच टाकी होती. तिच्यातले निम्मे पाणी आगीसाठी राखीव, मुख्य रस्त्याला १५० मिलिमीटरची ४२० मीटर लाइन, मागच्या समांतर रस्त्याने १०० मिलिमीटरची २६० मीटर लाइन आणून ती मुख्य लाइनला जोडलेली, आणि ५ हायड्रंट. वळसा पूर्ण झाल्याने पाणी दोन्ही बाजूंनी येते आणि एक तुकडा दुरुस्तीला बंद केला तरी बाकीची वसाहत कोरडी पडत नाही.

एचडीपीईचा, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप स्वस्त पडत होता. १६० मिलिमीटरच्या एचडीपीईचा आतला व्यास मात्र १४० च्या आसपासच भरतो, आणि हस्तांतरणाची अट डीआयची होती. म्हणून तो मागे पडला.

नगरपरिषदेकडे हायड्रंटचा खर्च मागण्यात आला. नगरपरिषद अधिनियम १९६५ नुसार आग विझवणे हे तिचे बंधनकारक कर्तव्य आहे, असा मुद्दा अर्जात होता. हस्तांतरित न झालेल्या लेआउटच्या आत खर्च टाकायला लेखाशीर्ष नाही, असे उत्तर आले. अग्निशमन दलाने चाचणीला बंब पाठवायचे मात्र मान्य केले.

मान्य झालेला अंदाज असा:

उंच टाकी: २८.०० लाख
१५० मिमी डीआय, ४२० मीटर, मीटरला २,६०० रुपये: १०.९२ लाख
१०० मिमी डीआय, २६० मीटर, मीटरला १,९०० रुपये: ४.९४ लाख
स्लूस व्हॉल्व्ह, एअर व्हॉल्व्ह, वॉशआउट, चेंबर: २.३० लाख
५ हायड्रंट, टी, स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि काँक्रीट ठोकळ्यांसह: १.६० लाख
५६ घरजोड, सरासरी ६,५०० रुपये: ३.६४ लाख
रस्ता पूर्ववत करणे: ३.६० लाख
सल्लागार, चाचणी, पंप: ३.०० लाख
एकूण: ५८ लाख

वाटप कसे ठरले

पहिली सूचना सरसकट समान वाटपाची होती, प्लॉटमागे १,०३,५७१ रुपये. १५० चौरस मीटरवाले ऐकेनात. क्षेत्रफळावर वाटा म्हटले तर मोठ्या प्लॉटवर एकटे राहणारे वृद्ध दांपत्य सहा माणसांच्या घराहून जास्त भरणार. रस्त्यालगतच्या रुंदीवर वाटायचे तर कोपऱ्याच्या प्लॉटना दोन्ही बाजूंचा भुर्दंड. टाकीपासूनच्या अंतराचीही सूचना आली: ‘आमच्यापर्यंत ३० मीटरच पाइप लागतो, आम्ही ४२० मीटरचे का भरायचे?’ ती मान्य केली असती तर शेवटच्या घराने संपूर्ण लाइन उचलायची आणि पहिल्याने शेवटच्या हायड्रंटमुळे मोठा झालेला पाइप फुकट वापरायचा, असे झाले असते.

गाडे पुढे सरकले ते आधी खर्चाचे कारण वेगळे काढल्यावर. कोणता रुपया रोजच्या पाण्यासाठी आणि कोणता आगीसाठी, हे ठरवून मगच प्रत्येक भागाला साजेसा निकष लावायचा.

आगीच्या खात्यात टाकले ते फक्त वाढीव खर्च. टाकी ५०,००० लिटरची असती तर १८ लाख लागले असते, म्हणून वाढ १० लाख. पाइपात मीटरमागे ७०० रुपयांचा फरक, ४२० मीटरचे २.९४ लाख. हायड्रंट १.६० लाख. मोठ्या व्हॉल्व्हचा फरक ४६,०००. बेरीज १५ लाख. घरजोड ज्याचे त्याचे. उरलेले ३९.३६ लाख पाण्याच्या खात्यात.

या पद्धतीवर एका सभासदाने घेतलेला आक्षेप खरोखर वजनदार होता. ‘पाणी आधी, आग नंतर’ असा क्रम धरला म्हणून आगीचा वाटा लहान दिसतो. उलट क्रम लावला, आगीसाठीची मोठी लाइन आधी धरली, तर रोजच्या पाण्यासाठी पाइपात वाढीव खर्च जवळपास शून्य येतो. क्षमतेच्या प्रमाणात वाटायचे तर पाइपाचा नऊ-दशांश खर्च आगीवर जातो. यातले कोणतेही उत्तर गणिताने खोटे पाडता येत नाही. सभेने पहिला क्रम धरला, कारण आग लागली नसती तरी लाइन बदलायचीच होती. जुन्या लाइनच्या तक्रारींची नोंद इतिवृत्तात आधीपासून होती आणि तीच शेवटी आधाराला आली.

पाण्याच्या भागासाठी आदर्श उपविधींतला, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीतला, निकष उचलला. तिथे पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर आकारली जाते. ती तरतूद चालू आकारणीसाठी आहे, भांडवली खर्चासाठी नाही. म्हणून वेगळा ठराव करावा लागला. १५ मिलिमीटरचा जोड म्हणजे १ एकक, २० मिलिमीटरचा २, २५ चा ४. वाहून नेण्याच्या क्षमतेचे प्रमाण साधारण तेवढेच येते. ५० प्लॉट १ एककाचे, ५ प्लॉट २ एककांचे, व्यापारी प्लॉट ४ एककांचा. एकूण ६४ एकके, एककाला ६१,५०० रुपये. मोकळ्या प्लॉटनाही १ एकक, कारण टाकी आणि पाइप त्यांचाही धरून मोजले होते.

आगीच्या १५ लाखांसाठी प्लॉटचे क्षेत्रफळ धरले, कारण किती बांधकाम होऊ शकते आणि किती जळू शकते, हे त्यावर अवलंबून. व्यापारी प्लॉटचे क्षेत्र दुप्पट मोजले. ५५ प्लॉटचे १३,६०० आणि व्यापारी प्लॉटचे १,४००, मिळून १५,००० चौरस मीटर: चौरस मीटरला १०० रुपये.

घरजोडासह १५० चौरस मीटरच्या प्लॉटला ८३,००० रुपये आले. ५०० चौरस मीटर आणि २० मिलिमीटरचा जोड असलेल्याला १,७९,५००, व्यापारी प्लॉटला ३,९२,५००. दुप्पट क्षेत्रफळाला शास्त्रीय आधार नव्हता, तो वाटाघाटीचा आकडा होता. ठरावात तसेच लिहिले हे बरे झाले, नाहीतर पुढे कोणीतरी त्याचा नियम केला असता.

बोअरवाल्यांचा पेच

तिघांच्या बोअरला भरपूर पाणी होते. त्यांना ना पाणी हवे होते ना खर्च. पाण्याच्या भागापुरते त्यांचे म्हणणे विचारात घेण्यासारखे होते, आगीच्या भागापुरते मुळीच नाही. दीड अश्वशक्तीचा सबमर्सिबल मिनिटाला फार तर ५०-६० लिटर देतो आणि आगीच्या वेळी वीज तोडली की तोही थांबतो. शिवाय आगीच्या संरक्षणातून कोणाला वगळताच येत नाही: बंब आला की तो वर्गणी भरली का हे विचारत नाही. म्हणून त्यांनी आगीचा वाटा पूर्ण भरायचा, पाण्याचा वाटा पुढे ढकलता येईल आणि जोड घेताना वर्षाला ९ टक्के साध्या व्याजासह भरायचा, असे ठरले. १,८४,५०० रुपयांची तूट तात्पुरती राखीव निधीतून भरली. दोन उन्हाळ्यांनंतर बोअर आटले आणि तिघांपैकी दोघे आले.

हप्ते तीन: कार्यादेशापूर्वी ४० टक्के, पाइप जागेवर आल्यावर ४०, दाबचाचणीनंतर २०. मोकळ्या प्लॉटच्या परगावच्या मालकांकडून वसुली रेंगाळली. सहकारी संस्था अधिनियमातल्या कलम १५४ब-२९ खाली, म्हणजे पूर्वीच्या कलम १०१ प्रमाणे, वसुली दाखल्याची नोटीस दिल्यावर बहुतेकांनी भरले.

काम करताना

सर्वात महाग चूक जमिनीखाली होती. निविदेत सगळी खोदाई मुरमात धरली होती. ९० मीटर पट्ट्यात एका फुटाखाली काळा पाषाण लागला. ठेकेदाराने तिथे दोन फुटांवरच पाइप टाकायला सुरुवात केली. पाइपाच्या पाठीवर १ मीटर भराव हवा, हे मोजपट्टी लावून दाखवल्यावर काम थांबले. ब्रेकर लावून खडक फोडायचे १.२० लाख जास्त गेले. हे कोणत्या खात्यात? चर दोन्ही व्यासांना लागतोच, म्हणून तो पाण्याच्या खात्यात गेला, एककाला १,८७५ रुपये. काम सुरू होण्याआधी दर ५० मीटरवर एक चाचणी खड्डा घेतला असता तर हा खर्च टळला नसता, पण दर निविदेतच ठरला असता.

दाबचाचणी सांधे उघडे ठेवून ६ किलोला केली. पहिल्या वेळी वळणावरचा सांधा सरकला, कारण त्यामागचा काँक्रीटचा ठोकळा आदल्याच दिवशी ओतलेला होता. रबर रिंगच्या सांध्याला ओढ सहन होत नाही. वळण, टी आणि बंद टोक इथे ठोकळा हवाच आणि तो पक्का व्हायला किमान आठवडा द्यावा लागतो. नंतर लाइन धुऊन तिच्यात लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीन २४ तास ठेवले. या लाइनमध्ये साधारण साडेनऊ हजार लिटर पाणी मावते. त्याला २५ टक्के क्लोरीनची १ किलो ब्लीचिंग पावडर पुरते.

मोकळ्या प्लॉटचे घरजोडही रस्ता करण्याआधीच कुंपणाच्या आत आणून टोपी लावून ठेवले. पुढे रस्ता एकदाही फोडावा लागला नाही.

हायड्रंट जमिनीखालचे घ्यायचे की उभे? जमिनीखालचे डांबराच्या पुढच्या थरात गाडले जातात आणि रात्री सापडत नाहीत. उभे गाड्यांच्या धक्क्याने वाकतात. उभे घेऊन दोन बाजूंना लोखंडी खांब रोवले. तोंड ६३ मिलिमीटरच्या झटपट जोडाचे. दलाच्या होजला ते बसते का, हे खरेदीआधी केंद्रावर नेऊन पाहिले. प्रत्येक हायड्रंटला स्वतःचा व्हॉल्व्ह असल्याने वायसर बदलताना मुख्य लाइन बंद करावी लागत नाही.

टाकीतली राखीव साठ्याची रचना साधी आहे. घरगुती पाण्याचा निर्गम पाइप टाकीच्या मध्यावर, आगीचा तळाशी. तळाचा व्हॉल्व्ह एरवी बंद. पण मग खालचे पाणी महिनोन्महिने तसेच पडून राहते आणि त्यातले क्लोरीन उडून जाते. म्हणून पाणी भरणारा पाइप टाकीच्या तळापर्यंत, निर्गमाच्या समोरच्या बाजूला नेला. रोजचे नवे पाणी खालूनच शिरते आणि साठा ताजा राहतो.

परिणाम

लाइन आता चोवीस तास भरलेली असते. वरच्या टोकाच्या मोटारी निघाल्या. बंबाची चाचणी झाली तेव्हा शेवटच्या हायड्रंटवर ४,५०० लिटर भरायला ६ मिनिटे लागली, म्हणजे मिनिटाला ७५० लिटर. हिशोबापेक्षा हे कमी आहे. बेंड, व्हॉल्व्ह आणि भरणीच्या होजमध्ये जाणारा दाब हिशोबात धरला नव्हता. या वेगाने ५०,००० लिटर तासाहून थोडे अधिक पुरतात.

रात्रीच्या सरावात मात्र उणीव उघड झाली. टाकीचा वरचा निम्मा भाग रिकामा होता, तळाचा व्हॉल्व्ह कुलूपबंद, आणि चावी सेक्रेटरींच्या घरी. व्हॉल्व्ह उघडायला ११ मिनिटे गेली. आता चावी टाकीखालीच काचेच्या पेटीत आहे आणि महिन्यातून एकदा पहारेकरी स्वतः व्हॉल्व्ह फिरवतो. पहिल्याच वर्षी दोन हायड्रंटच्या गनमेटल टोप्या भंगारासाठी चोरीला गेल्या. साखळी जोडून, टोप्या बिडाच्या केल्या. बांधकामाचे टँकरही हायड्रंटवरून भरले जाऊ लागले होते, ते शिशाच्या सीलने थांबले.

वेगळे काय करता आले असते

एक पर्याय सभेपुढे आलाच नाही. गेटजवळ ५०,००० लिटरची जमिनीखालची टाकी बांधून बंबाला सक्शन होजने पाणी घेऊ दिले असते तर खडकातल्या खोदाईसह ९ लाखांच्या आसपास काम झाले असते. ६ किलोमीटरचे अंतर ४०० मीटरवर आले असते आणि बहुतेक फायदा तेवढ्यातच मिळाला असता. हायड्रंटमुळे बंब आगीपाशी उभा राहून अखंड भरत राहतो, ही सोय खरी आहे. पण तिच्यासाठी ६ लाख जास्त द्यायचे का, हे सभासदांना ठरवू द्यायला हवे होते. उंच टाकी बांधायचीच नसेल अशा वसाहतीने आधी हा पर्याय पाहावा.

दुसरी उणीव नंतर येणाऱ्यांबाबतची. आतल्या प्लॉटवर बंगला पाडून सदनिका झाल्या तर प्रत्येक वाढीव एककाला ६१,५०० रुपये, हे ठरावात होते. बाहेरच्यांसाठी काहीच नव्हते. चार वर्षांनी शेजारच्या २२ प्लॉटच्या लेआउटने जोड मागितला आणि फक्त जोडणीचा खर्च देऊ केला. सल्लागाराने मूळ खर्च ८६ एककांत पुन्हा वाटला: २२ एककांचे १०.०७ लाख. आगीचे १५ लाख त्यांच्या ५,००० चौरस मीटरसह २०,००० वर वाटून ३.७५ लाख. ३० वर्षांच्या आयुष्यातली ४ गेली म्हणून २६/३० ने गुणले. ८.७३ आणि ३.२५, मिळून सुमारे १२ लाख. हे पैसे मूळ सभासदांना त्यांच्या वाट्यानुसार परत द्यायचे की राखीव निधीत ठेवायचे, यावर दोन सभा झाल्या. ज्यांनी मधल्या काळात प्लॉट विकले त्यांचा हक्क कोणाकडे, हा प्रश्न खरेदीखतात उल्लेख नसल्याने अजून सुटलेला नाही.

क्षमतेचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. २२ घरांचे रोजचे १४,८५० लिटर मिळवले की गरज ५५,३५० वर जाते, आणि घरगुती निम्म्यात ५०,००० च मावतात. तळाचा व्हॉल्व्ह थोडा उघडून भागवावे, असे सुचवले गेले. सभेने ते नाकारले. टाकी दिवसातून दोनदा भरायची, त्यासाठी संपाचा दुसरा पंप नव्या लेआउटने स्वखर्चाने बसवायचा, आणि तळाच्या ५०,००० लिटरला हात लावायचा नाही, या अटी करारनाम्याच्या मसुद्यात घातल्या आहेत.